काही न देण्याची नोकरी

आमच्या कृषी महाविद्यालयात संशोधन समन्वयक नावाचं एक पद आहे आणि गेली नऊ वर्षं ते माझ्याकडे आहे. ते मला कसं मिळालं हे बाहेर फुटू नये म्हणून मी बरीच काळजी घेतली. पण आता लपवण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, तेव्हा सांगून टाकतो. ज्या बैठकीत हे पद कुणाच्या तरी गळ्यात मारायचं होतं, त्या बैठकीला मी वीस मिनिटं उशिरा पोचलो. स्कूटर पंक्चर झाली होती. दार उघडून आत आलो तर सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. दोन मिनिटांनी कळलं की अभिनंदन माझंच चाललं होतं.

संशोधक म्हणून माझी पात्रता विचाराल, तर माझे चौदा शोधनिबंध छापून आलेले आहेत. जगभरातल्या संशोधकांनी त्यांचा एकूण अकरा वेळा उल्लेख केला आहे. त्यातले आठ उल्लेख मीच माझ्या पुढच्या निबंधांत केले. उरलेल्या तिघांपैकी एकाने मी कुठे चुकलो ते सविस्तर दाखवलं आहे. तो निबंध चांगला आहे.

पण हा लेख माझ्यावर नाही. असं म्हणून पुढची चार पानं स्वतःबद्दल बोलायचं ही आमच्या पेशातली खोड आहे, ती मी होईल तितकी आवरतो. लेख आमच्या शून्यमामांवर आहे.

महाविद्यालयाच्या मागे आमचं शेत आहे. एकेचाळीस वर्षांपूर्वी एका प्राध्यापकांनी, ज्यांना शेतावरचे लोक अजूनही 'पहिले सर' म्हणतात, तिथे गव्हाचा एक प्रयोग सुरू केला. एकसारखे बारा वाफे. एकाला दर वर्षी फक्त शेणखत, एकाला फक्त रासायनिक खत, एकाला दोन्ही निम्मं निम्मं, असं प्रत्येकाचं खाणं ठरलेलं. आणि एका वाफ्याला काहीच नाही. बी पेरायचं, पाणी द्यायचं, तण काढायचं, की संपलं. खत म्हणून चिमूटभरसुद्धा नाही, कधीच नाही. बाकीच्या अकरांनी खाऊन काय दिवे लावले हे कळायला एक उपाशी बाजूला असावा लागतो. कागदावर त्याला नियंत्रण वाफा म्हणतात, बोलताना शून्य. मामा चौतीस वर्षांपूर्वी शेतावर कामाला लागले तेव्हा पहिल्या सरांनी शून्य त्यांच्या हवाली केला, आणि तेव्हापासून ते शून्यमामा.

मामांची नोकरी नव्या माणसाला समजावणं कठीण जातं. दर वर्षी पहिल्या वर्षाचं कुणीतरी विचारतंच, "मामा, तुम्ही इथे काय करता?"

"ह्याला काही मिळणार नाही हे बघतो."

"एवढंच?"

"एवढंच करून बघ."

आणि ते खरंच सोपं नाही. खताच्या वाफ्यातून आलेला माणूस शून्यात पाय ठेवणार असेल तर आधी कडेच्या गोणपाटावर चपला घासाव्या लागतात. पुढेमागे न बघता मामा ते सगळ्यांना करायला लावतात. मलाही लावतात. मी एकदा म्हणालो, "मामा, माझ्या चपलेला लागून असं किती खत जाणार आहे?" तर म्हणाले, "सर, तुमच्या एकट्याच्या नाही जाणार. पण चौतीस वर्षांत इथे बरेच सर झाले."

एकदा कुंपणाच्या फटीतून शेळी आत शिरली. शेळी चरून गेली त्याचं मामांना फारसं वाटलं नाही, पण जे ठेवून गेली त्याचं वाटलं. सबंध सकाळ ओणवे राहून त्यांनी लेंड्या वेचल्या आणि नोंदवहीत लिहिलं, 'शेळी आली. लेंड्या त्रेसष्ट उचलल्या. बहुधा आणखी असतील.' हे 'बहुधा आणखी असतील' मी कधी माझ्या एकाही निबंधात लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं, चौदापैकी चौदात.

दर कापणीनंतर मामा शून्याची मूठभर माती काढतात, वाळवतात, चाळतात आणि काचेच्या बरणीत भरून भांडाराच्या फळीवर ठेवतात. पहिल्या सरांच्या वेळच्या धरून एकेचाळीस बरण्या आहेत. त्यातली एक मी मागे टेबलावर कागद उडू नयेत म्हणून आणून ठेवली होती. दुपारी मामा आले, बरणी उचलली आणि तिच्या जागी वीट ठेवून गेले. ती वीट अजून माझ्या टेबलावर आहे. कागद बरणीपेक्षा चांगले दाबते.

आता मूळ प्रसंगाकडे येतो.

महाविद्यालयांना संशोधनाचा दर्जा असतो: अ, ब आणि क. आमचा क. खाली ड नाही म्हणून क. ज्याचा दर्जा मोठा त्याला निधी मोठा, आणि ज्याला निधी मोठा त्याचं संशोधन मोठं, आणि त्यावरून पुन्हा दर्जा. ही गाडी एकदा चुकली की फलाटावरच म्हातारं व्हायचं. आमच्याकडे मातीचे नमुने वाळवायची भट्टी आहे, तिचं दार खुर्ची टेकवली तरच बंद राहतं. खोलीत खुर्ची एकच, विभागप्रमुखांची. माती वाळेपर्यंत विभागप्रमुख उभे असतात. भेटायला आलेल्यांना वाटतं, काय हा विनय.

गेल्या हिवाळ्यात मूल्यांकन समिती येणार असं पत्र आलं. त्याआधीच्या बैठकीत प्राचार्यांनी स्पष्ट केलं की यावेळी त्या बारा वाफ्यांच्या प्रयोगासाठी वेगळा निधी मंजूर झाला नाही, तर तो बंद होईल आणि त्या जागेवर अतिथिगृह उभं राहील. ज्या महाविद्यालयात पाहुणे येत नाहीत तिथे अतिथिगृह कशाला, असं मी विचारणार होतो. पण बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडेच होतं आणि मी विचारलेलं मलाच लिहावं लागलं असतं, म्हणून गप्प बसलो.

हे शेतावर पोचायला एक दिवस लागला. दुसऱ्या दिवशी मामा माझ्या खोलीच्या दारात उभे. मामा कधी खोलीत येत नाहीत, पायांना माती असते म्हणून. त्या दिवशी पाय धुऊन आले होते, म्हणजे गोष्ट मोठी होती.

"सर, मी कापणी झाली की रिटायर होतोय."

"माहीत आहे, मामा. मोठा समारंभ करू."

"समारंभाचं नाही. माझ्या जागी माणूस येणार नाही म्हणतात."

"निधी मिळाला तर येईल."

"आणि नाही मिळाला तर शून्याला कोण बघणार?"

"समिती येऊन जाऊ दे. मग बघू."

"बघा सर," मामा म्हणाले, "मोडला की परत करता येत नाही. एकेचाळीस वर्षं परत कुठून आणणार?"

एवढं बोलून ते गेले. चौतीस वर्षांत त्यांनी कुणापाशी काही मागितल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी मनात ठरवलं की या माणसासाठी काहीतरी करायचंच. पुढे जो घोटाळा झाला तो या सद्भावनेतून झाला, हे कृपया ध्यानात ठेवा. माझ्या बाजूने सांगण्यासारखं दुसरं काही नाही.

समिती यायच्या पंधरा दिवस आधी प्राचार्य आणि मी शेतावर फेरी मारायला गेलो. फाटकातून आत शिरल्यावर डाव्या हाताला पहिला वाफा शून्याचाच. पलीकडे गहू मांडीला लागलेला, गडद हिरवा, आणि फाटकाशी हा शून्य: गुडघ्याच्या खाली, विरळ, पिवळट, तापातून उठल्यासारखा.

"अहो, दारातच हे काय?" प्राचार्य म्हणाले. त्यांचा विषय कृषी अर्थशास्त्र. पिकाशी त्यांचा संबंध भाव कळण्यापुरता.

"सर, तो नियंत्रण वाफा. तो असाच असतो."

"असू दे हो. पण आत शिरल्याशिरल्या पाहुण्यांना हा आजारी माणूस दाखवायचा का? काहीतरी करा. तुम्ही समन्वयक आहात ना, समन्वय करा."

मी आधी कुंड्या लावून तो झाकायचा विचार केला. मग मोठा फलक लावायचा. फलकाचं सांगायला गेलो तर रंगारी महिन्याची मुदत मागू लागला. आणि मग एका दुपारी, चहा पिता पिता, मला ते सुचलं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी दर वर्षी शिकवतो की नियंत्रण वाफ्याला हात लावला की प्रयोग संपला. परीक्षेत त्यावर चार गुणांचा प्रश्न असतो आणि 'हात लावू नये' असं न लिहिणाऱ्याला मी शून्य देतो. तोच मी भांडारातून युरियाचं पोतं काढून शून्याकडे निघालो. म्हणजे पोतं चौकीदाराने उचललं, मी पुढे चाललो.

"मामा, हे थोडंसं शिंपडायचं. वर पाणी सोडा. आठवड्यात हिरवा दिसेल."

मामांनी पोत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "शून्याला?"

"एकदाच. निधी मिळाला तर प्रयोग वाचेल ना? तुमच्यासाठीच करतोय."

"प्रयोग वाचवायला प्रयोग मोडायचा?"

"मोडायचा कुठे, मामा? थोडा टवटवीत करायचा. वरून तसं सांगणं आहे."

"लेखी द्याल?"

"घरच्या कामाला लेखी कशाला?"

मामांनी पोतं खांद्यावर घेतलं आणि पाण्याच्या हौदाकडे चालू लागले. माणूस पोतं घेऊन गेला म्हणजे काम झालं, असा हिशेब करून मी खोलीत परतलो आणि समितीसाठीच्या सादरीकरणाची शहाऐंशी चित्रं जुळवायला लागलो.

पुढच्या आठवड्यात मी रोज सकाळी फाटकावरून शून्याकडे नजर टाकत होतो. चौथ्या दिवशी मला फरक दिसला. सहाव्या दिवशी तर पिवळेपणा निम्म्यावर आलेला. घरी जाऊन बायकोला सांगितलं, "वाफा काय सुधारलाय. नजर लागते अशा गोष्टींना. बावीस वर्षं शेतं बघतोय, कळतं."

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाहेरच्या खोलीतले पडदे कोणत्या रंगाचे आहेत?"

"निळे."

"तीन आठवडे झाले बदलून."

मी बाहेर जाऊन बघितलं. पिवळे होते. पण पडदा आणि गहू यात फरक असतो, अशी मी माझी समजूत काढली.

समिती आली. तिघं होते. एक फाइलवाले गृहस्थ, जे प्रत्येक उत्तरावर बरोबरची खूण करायचे, मग ते उत्तर काहीही असो. दुसरे प्रकृतीमुळे गाडीतच बसून राहिले. आणि अध्यक्ष म्हणून एक वयस्क बाई, आयुष्यभर मातीवर काम केलेल्या. स्वतःचे रबरी बूट पिशवीतून आणले होते. शहाऐंशीपैकी अकरावं चित्र पडद्यावर असताना त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे सगळ्यात जुना चालू प्रयोग कोणता?"

"बारा वाफ्यांचा, बाई. तो चित्र क्रमांक चौसष्टला आहे."

"चित्र नको. चला."

आणि बूट चढवून त्या निघाल्यासुद्धा. पाठोपाठ प्राचार्य, फाइलवाले आणि उरलेली पंच्याहत्तर चित्रं पोटात घेऊन मी.

फाटकातून आत आल्यावर बाई अकरा हिरव्या वाफ्यांकडे ढुंकूनही न बघता सरळ शून्यापाशी गेल्या. कडेच्या गोणपाटावर बूट घासले. कुणी सांगितलं नव्हतं. मामा बाजूला उभे होते, त्यांनी एकदा त्या बुटांकडे पाहिलं आणि टोपी सरळ केली. बाई वाफ्याच्या काठाशी उकिडव्या बसल्या, एक पान बोटांवर पसरून बघितलं, मातीचा खडा फोडला.

"याला किती वर्षं काही दिलेलं नाही?" त्यांनी मला विचारलं.

एकेचाळीस म्हणावं तर ते खोटं, आणि खोटं ओळखायला या बाईंना प्रयोगशाळा लागणार नव्हती. खरं सांगावं तर प्रयोग संपला, निधी संपला, मामांचा शून्य संपला, आणि तो मीच संपवलेला. अशा वेळी धीराचा माणूस काय करतो ते मला माहीत नाही. मी म्हणालो, "मामा सांगतील."

"एकेचाळीस," मामा म्हणाले. "हा बेचाळिसावा गहू."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उभ्या आयुष्यात एक लेंडी न लपवलेला हा माणूस, आणि आज माझी लाज राखायला खोटं बोलला. समिती गेली की जाऊन मामांच्या पाया पडायचं, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"नोंदवही आहे?"

मामांनी शेतावरच्या त्यांच्या झोपडीतून ती आणून दिली. बाई उभ्या उभ्या वाचू लागल्या. पान उलटत उलटत मागच्या पंधरवड्यावर आल्या, थांबल्या, चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचलं:

"पाऊस नाही. वारा थोडा. समन्वयक सरांनी शून्याला युरिया टाकायला सांगितला, पाहुणे येणार म्हणून. टाकला नाही. पोतं न उघडता भांडारात परत."

प्राचार्य आकाशात काहीतरी शोधत होते. फाइलवाल्यांनी सवयीने बरोबरची खूण केली.

"समन्वयक सर कोण?"

मी हात वर केला, वर्गात करतात तसा.

"तुम्ही हे सांगितलं होतं?"

"हो."

"टाकला नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

इथे गप्प राहता आलं असतं. पण एकदा हात वर केला की माणूस जरा मोकळा होतो. मी म्हणालो, "नाही, बाई. मला तो गेला आठवडाभर हिरवा होताना दिसत होता. घरीसुद्धा सांगितलं."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग हसायला लागल्या. चष्मा काढून डोळे पुसले. मग मामांकडे वळल्या. "वरिष्ठांनी सांगितलेलं ऐकलं नाही तुम्ही?"

"पहिल्या सरांनी सांगितलं होतं, कुणीही सांगितलं तरी देऊ नकोस. ह्या सरांना सोडून असं म्हणाले नव्हते."

"आणि वर ते लिहूनही ठेवलं?"

"झालं ते लिहायचं, बाई. झालं नाही ते पण."

बाईंनी पान मिटलं, पण नोंदवही परत दिली नाही. त्या झोपडीच्या सावलीत दगडावर बसल्या आणि वाचत राहिल्या. जेवणाची वेळ टळून गेली. शेळीचं पान आलं तेव्हा पुन्हा हसल्याचा आवाज आला. मग भांडारात जाऊन त्यांनी एकेक करत एकेचाळीस बरण्या हातात घेऊन बघितल्या. माझ्या शहाऐंशी चित्रांतलं बारावं कुणीच कधी पाहिलं नाही.

संध्याकाळी गाडीत बसताना त्या मला म्हणाल्या, "आकडे मी खूप वाचते. बहुतेक आकडे इतके गुळगुळीत असतात की हात लावायला भीती वाटते. तुमच्या मामांचे खडबडीत आहेत." मी मान डोलावली. माझे किती गुळगुळीत होते ते त्यांनी विचारलं नाही, हे उपकार.

समितीचा अहवाल कापणीच्या आधी आठ दिवस आला. दर्जा क. त्यात काही बदल झाला नाही, आणि इमानाने सांगायचं तर व्हायला नको होता. पण बारा वाफ्यांच्या प्रयोगाला पुढच्या दहा वर्षांचा वेगळा निधी, आणि मामांच्या जागी एक कायमचा माणूस मंजूर. अतिथिगृह बारगळलं. शेवटच्या पानावर एक अट होती. नवा माणूस नेमला जाईपर्यंत नियंत्रण वाफ्याची देखरेख संशोधन समन्वयकाने स्वतः, रोज, करावी. 'स्वतः' या शब्दाखाली रेघ होती.

मी पत्र घेऊन शेतावर गेलो आणि मामांना वाचून दाखवलं. दहा वर्षं हे शब्द त्यांनी दोनदा वाचायला लावले. रेघ मी सांगितली नव्हती, ती त्यांनी कागद हातात घेऊन स्वतः बघितली.

"मामा, माझ्यावर राग आहे का?"

"राग कशाला? तुम्ही सांगितलं, मी लिहिलं." मग म्हणाले, "पण भांडाराची किल्ली मी चौकीदाराकडे देऊन जातोय. तुमच्याकडे नाही."

मामा रिटायर झाले. नवा माणूस नेमायची फाइल अजून चालते आहे, म्हणजे पडून आहे. त्यामुळे त्रेचाळिसावा गहू माझ्याकडे आला. रोज सकाळी सातला मी शेतावर असतो, गोणपाटावर चपला घासतो आणि शून्याला काही मिळणार नाही हे बघतो. बायको म्हणते, तुमच्या पगाराच्या मापाचं काम पहिल्यांदाच मिळालंय.

मामा फिरायला म्हणून अधूनमधून येतात. फिरायला दुसऱ्या वाटा नाहीत असं नाही. परवा आले, नोंदवही उघडली आणि माझी आदल्या दिवशीची नोंद वाचली: 'पाऊस नाही. पीक बरं दिसतं.'

"सर, दिसतं लिहायचं नाही."

"मग?"

त्यांनी झोपडीच्या कोपऱ्यातली मोजपट्टी काढून माझ्या हातात दिली. मी गोणपाटावर चपला घासल्या, आत उतरलो, ठरलेली दहा रोपं मोजली. मामा काठावर उभे राहून बघत होते. मोजून झाल्यावर मी आदली ओळ खोडली, खोडलेली वाचता येईल अशी, कारण त्यांच्याकडे तशीच खोडायची असते, आणि खाली लिहिलं: सरासरी उंची एकोणचाळीस सेंटिमीटर. एक रोप मोजताना मोडलं. माझ्याकडून.